'लूट' इंग्रजीत गेली, पण अर्धीच गेली का?

खारीबटर (धागाकर्ता)

परवा भाचा मोबाइलवर गेम खेळत होता. मध्येच ओरडला, "मामा, कसली भारी लूट मिळाली!" मला कौतुक वाटलं. म्हटलं, वा, इंग्रजी शाळेत जाऊनही मराठी शब्द येतात तुला. मान वर न करता म्हणाला, "हा इंग्लिश वर्ड आहे. लूट बॉक्समधला. मराठीत लूटला काय म्हणतात?"

त्याला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून शोधत बसलो. सापडलं ते इथे टाकतो.

यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द त्यात गोळा केले आहेत. त्यातली 'लूट'ची नोंद सांगते की १७८८ सालच्या एका शब्दसंग्रहात हा शब्द अर्थासकट दिलेला आहे: लूट म्हणजे प्लंडर, पिलेज. म्हणजे तेव्हा तो विलायतेतल्या माणसाला समजावून सांगावा लागत होता. पुढच्या सत्तर वर्षांत ती गरज उरली नाही. कोशकार टप्पेही देतात: १८४१ च्या सुमाराचं चीनचं युद्ध, मग क्रिमियाचं, मग १८५७. पलटणी या आघाडीवरून त्या आघाडीवर गेल्या आणि शब्द त्यांच्या पडशीतून गेला.

यातली गंमत म्हणजे अॅडमिरल स्मिथ यांच्या १८६७ च्या खलाशी कोशात 'लूट' हा चीनमधून घेतलेला शब्द असल्याचं लिहिलंय. माल हिंदुस्थानचा, पावती चीनची!

माझा खरा प्रश्न पुढे आहे. जबरदस्तीने घेण्यासाठी इंग्रजीत शब्द काय कमी होते? 'प्लंडर' जर्मनमधून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ घरातलं सामानसुमान, भांडीकुंडी, कपडेलत्ते. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) शिपाई नेमकं तेच उचलून नेत होते, आणि त्याच काळात शब्द इंग्रजीत शिरला. 'बूटी'च्या मुळाशी वाटणी आहे. 'सॅक' म्हणजे पोतं, पोत्यात भरा आणि चला. मला सगळ्यात आवडला तो 'रॅन्सॅक'. जुन्या नॉर्समध्ये 'रान' म्हणजे घर आणि पुढचा भाग शोधणे. मूळ अर्थ घराची झडती, तीही चोरीचा माल हुडकण्यासाठी. पोलिसाचा शब्द दरोडेखोराने पळवला म्हणायचा.

इतकं सगळं घरात असताना आपली 'लूट' त्यांना कशाला हवी होती?

आणि दुसरा प्रश्न. दसऱ्याला आपण सोनं 'लुटतो', तिथे कोण कोणाला लुटतं?

शंकासूर

धागा रोचक. पण आता कोणीतरी येऊन हा शब्द संस्कृतात कसा होता ते सांगणार. वाट बघतोय, चहा टाकलाय.

पाणिनीचा_शेजारी

शंकासूर, चहा दोन कप टाका.

हॉब्सन-जॉब्सनमध्ये 'लूट' आधी संस्कृत 'लोप्त्र' या शब्दाशी जोडलाय. लोप्त्र म्हणजे चोरलेला माल, धातू 'लुप्'. हे खरं धरलं तर भाऊबंदकी फार मोठी निघते. लुप्चं नातं लॅटिनमधल्या तोडणे या अर्थाच्या क्रियापदाशी, त्यातून इंग्रजी 'रप्चर', 'करप्ट', 'बँकरप्ट'. जर्मानिक शाखेतून 'रॉब' आणि 'बिरीव्ह'. 'रोब' म्हणजे झगासुद्धा तिथलाच, कारण मूळ अर्थ शत्रूच्या अंगावरून ओरबाडलेलं वस्त्र. म्हणजे आपल्या व्याकरणातला 'लोप' आणि त्यांचा 'रॉब' चुलत भाऊ.

नातं ऐकायला झकास आहे, पण 'लूट'च्या बाबतीत मला ते पटत नाही. सप्तचं सात झालं, रात्रीची रात झाली. दंत्य त दंत्यच राहिला. मग लोप्त्रमधून मूर्धन्य ट कुठून उपटला? लोप्त्रचं फार तर 'लोत' होईल. १९०३ ची आवृत्ती विल्यम क्रुकने काढली, तिथे या नोंदीत कंसात दुरुस्ती घातलेली आहे: त्यापेक्षा 'लुण्ट्', म्हणजे लुबाडणे. मला हे जास्त बरोबर वाटतं.

आणि लुण्ट् काही मागाहून केलेला धातू नव्हे. अष्टाध्यायीतलं सूत्र ३.२.१५५ पाहा: 'जल्पभिक्षकुट्टलुण्टवृङः षाकन्'. या पाच धातूंना एक प्रत्यय लागून सवय दाखवणारी नामं होतात. बडबड्या तो जल्पाक, भीक मागणारा भिक्षाक, कुटणारा कुट्टाक, लुटणारा लुण्टाक, आणि शेवटचा वराक, म्हणजे बिचारा. लुटारू आणि बिचारा एकाच सूत्रात मांडीला मांडी लावून बसलेत.

शंकासूर

ही शेवटची ओळ आवडली. चहा घ्या. म्हणजे लोप आणि रॉब नातेवाईक, पण लूट त्या घरातली नाही. बरोबर ना?

पाणिनीचा_शेजारी

माझ्या मते तरी शेजारच्या वाड्यातली. येणंजाणं बरंच, आडनाव वेगळं.

नाना_नगरकर

खारीबटर, तुमच्या पहिल्या प्रश्नाला एक उत्तर आहे. इंग्रज साहेब कागदावर लूट करतच नव्हता. कागदावर शब्द होता 'प्राइझ'.

पद्धत अशी. शहर पडलं की पलटणीतले काही अधिकारी 'प्राइझ एजंट' नेमायचे. त्यांनी माल गोळा करायचा, यादी करायची, लिलाव करायचा आणि हुद्द्याप्रमाणे वाटण्या घालायच्या. सेनापतीचा वाटा आणि साध्या शिपायाचा वाटा यांत जमीनअस्मानाचा फरक. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूचं सिंहासन असंच तोडून तुकड्या-तुकड्यांनी वाटलं गेलं. गोऱ्या शिपायावर पडलेला तो लाकडी वाघ आज लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता या रीतसर वाटणीच्या आधी, एजंटाच्या नजरेआड शिपाई जे खिशात घालायचा त्याला काय म्हणायचं? प्राइझ म्हणता येत नाही, ती सरकारची. चोरी म्हणवत नाही, सगळेच करतात. बाजारात, छावणीत, बाजारबुणग्यांच्या तोंडी शब्द तयार होता. दोन अक्षरांत बसणारा, शिवीसारखा फेकता येणारा. शिपायाने तो उचलला. बरीच वर्षं तो इंग्रजीतही बाजारबोलीतलाच शब्द मानला जात होता, सभ्य लिखाणात उशिरा आला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १८१७-१८ ची लढाई संपल्यावर 'डेक्कन प्राइझ मनी' म्हणून जे प्रकरण सुरू झालं ते लंडनमध्ये कित्येक वर्षं रेंगाळलं. पेशव्यांचा माल कोणाच्या वाट्याचा? प्रत्यक्ष लढलेल्या दख्खनच्या फौजेचा, की दूर उत्तरेत गव्हर्नर जनरलबरोबर असलेल्या फौजेचाही? विश्वस्त म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन बसवले होते. बाजीरावाच्या खजिन्यातला एक मोठा हिरा याच रगाड्यात लंडनला पोचला. 'नासक डायमंड' म्हणून जगभर ओळखतात, म्हणजे आपलं नाशिक. तो मूळचा त्र्यंबकेश्वराचा अशी आख्यायिका. मालक बदलत गेले, पैलू नव्याने पाडत गेले, वजन निम्म्याच्या आसपास आलं. नाशिकचं नाव मात्र शाबूत.

वकीलबाई

नानांनी डेक्कन प्राइझ काढलंच आहे तर त्यातला कायद्याचा धागा ओढते. खूप वर्षांपूर्वी शिकले होते, अजून डोक्यातून जात नाही.

एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद, प्रिव्ही कौन्सिल (लंडनमधलं वरचं अपील न्यायालय), १८३०. पेशव्यांच्या नोकरीतले नारोबा गोविंद औटी हे एक मातबर गृहस्थ. पुणं इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर त्यांच्याकडचा मोठा ऐवज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. औटींच्या मागे त्यांच्या मालमत्तेचे व्यवस्थापक मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि तिथे चक्क जिंकले. खुद्द एल्फिन्स्टनसाहेबांच्या विरुद्ध निकाल! मग लंडनला अपील. तिथे निकाल फिरला. म्हणे, युद्ध अजून शमलेलं नव्हतं, तेव्हा ही जप्ती म्हणजे शत्रूच्या मालाची जप्ती, आणि अशा जप्तीत साध्या दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही. बरोबर की चूक हा प्रश्नच नाही, विचारायचा अधिकारच नाही. 'लूट' हा शब्द निकालात कुठे यायची गरजच पडली नाही.

आजच्या कायद्यात गंमत वेगळी. दंडसंहितेच्या हिंदी भाषांतरात रॉबरीला सरळ 'लूट' म्हणतात. मराठी भाषांतरात ती 'जबरी चोरी' झाली, डकॉइटी झाली 'दरोडा', आणि एक्स्टॉर्शनला 'बलाद्ग्रहण' असा दात पाडणारा शब्द आहे. जबरी चोरी करणारे चार असले तर जबरी चोरी, पाच झाले की दरोडा. जुनं कलम ३९१, आता न्याय संहितेत ३१०. नवीन संहितेने हिसकावून पळण्याला ३०४ हे वेगळं कलम दिलंय. मंगळसूत्रचोरांची सोय झाली. त्यामुळे मराठी पेपरात मथळ्यात 'लूट' असते आणि आतल्या बातमीत गुन्हा 'जबरी चोरी'चा दाखल होतो. बघा उद्याचा पेपर.

खारीबटर

वकीलबाई, बलाद्ग्रहण वाचून खारी घशात अडकली.

कोकणकडा

१८५७ चा विषय निघालाय तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. भिक्षुकीसाठी, चार पैसे मिळवून कर्ज फेडायला हा माणूस उत्तरेत गेला आणि १८५८ साली झाशीत अडकला. शहर पडल्यावरची लूट त्याने आत राहून पाहिलीय. ती वाचताना अंगावर काटा येतो तो मारझोडीपेक्षा शिस्तीमुळे. लुटीच्या पाळ्या लावलेल्या. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, मग धान्य. पायरी पायरीने खाली. शेवटच्या पाळीला आलेल्यांनी घरात राहिलेलं काहीच सोडलं नाही.

नाना म्हणतात ती प्राइझ आणि शिपायाची लूट यांच्यातली रेघ घराच्या मालकाला कशी दिसत होती, ते तिथे कळतं. दिसतच नव्हती.

गनिमीकावा९६

सगळं ठीक, पण लूट म्हटलं की सुरत कशी नाही आली अजून? इंग्रजांनी महाराजांना लुटारू म्हटलं आणि आपल्यातलेच लोक अजून

संपादक

गनिमीकावा९६, प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सुरतेवर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथे शब्दापुरतं बोलू या.

नाना_नगरकर

संपादकांचा मान राखून शब्दापुरतंच. १६६४ साली सुरतेच्या वखारीतला इंग्रज 'लूट' म्हणत नव्हता, त्याच्याकडे तेव्हा 'प्लंडर' हा ताजा शब्द होता. आणि आपल्याकडची शिस्त पाहायची तर सभासदाची बखर वाचावी. पावसाळा छावणीत, आठ महिने मुलूखगिरी. निघताना प्रत्येकाजवळ काय आहे त्याची यादी, परतल्यावर झडती, जास्त निघालं ते सरकारजमा. खारीबटर यांचा 'रॅन्सॅक' आठवा, झडतीचा मूळ अर्थ. इथे ती खरंच चोरीच्या मालासाठी होती.

हुगलीकाठची

कोलकात्याहून लिहितेय, लग्नानंतर वीस वर्षं इथेच. चित्राची दुसरी बाजू सांगते, रागावू नका.

१७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. इथे त्या घोडेस्वारांना 'बर्गी' म्हणतात. मुलाला झोपवताना बर्गी आले असं सांगणारं अंगाईगीत आजही घराघरात आहे. माझ्या सासूबाईंनी माझ्या मुलीला तेच म्हणून झोपवलं आणि मग माझ्याकडे पाहून खुदकन हसल्या. बर्गी म्हणजे आपला बारगीर. मराठीत त्या शब्दात लुटीचा लवलेश नाही. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर, स्वतःचं घेऊन येतो तो शिलेदार. निव्वळ पगारपत्रकातला शब्द. पण ज्याच्या दारात तो घोडा येऊन थांबला त्याने पगारपत्रक कशाला बघावं?

गनिमीकावा९६

ताई, हे माहीत नव्हतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

मांजरप्रेमी_तरीही

खारीबटर यांच्या 'पावती चीनची'वरून आठवलं. लूट नावाचा कुत्रा होता, माहितेय का? म्हणजे 'लूटी'.

१८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगला पोचल्या आणि बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटून मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने जाळला. (याच एल्गिनच्या वडिलांनी अथेन्सची शिल्पं नेली होती. घराण्याचा कित्ता. पुढे हे चिरंजीव आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आले आणि १८६३ मध्ये धरमशाळेला वारले.) त्या राजवाड्यात छोटी पेकिनीज कुत्री सापडली. त्यातली एक कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने व्हिक्टोरिया राणीला नजर केली. नाव ठेवलं लूटी. राणीने तिचं चित्रही काढून घेतलं. १८७२ साली ती विंडसरला मेली.

त्या मोहिमेत पंजाबी पलटणी आणि देशी घोडदळ होतंच. म्हणजे आपल्या बाजारातला शब्द, चिनी बादशहाची कुत्री आणि इंग्लंडची राणी. नाव ठेवताना कोणाला लाजही वाटली नाही, हे मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं.

मुक्काम_वऱ्हाड

इतका मोठा धागा आणि धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघायला तयार नाही!

आमच्याकडे संक्रांतीनंतर लहान पोराला हलव्याचे दागिने घालून बसवतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, गोळ्या ओततात. तुम्ही पुण्यामुंबईकडे बोरन्हाण म्हणता. आमच्याकडे त्याला 'लूट' म्हणतात. "यंदा नातवाची लूट आहे, या सगळे" असं आमंत्रण. गल्लीतली पोरं तुटून पडतात. ओतणाऱ्याला वाटतं, पोरांनी जास्तीत जास्त उचलावं. काही शिल्लक राहिलं तर वाईट वाटतं.

सुगडवाली

अगदी अगदी! आणि हळदीकुंकवाला आम्ही वाण 'लुटतो'. "या वर्षी काय लुटलंस?" "स्टीलच्या वाट्या." इथे लुटणारी ती, जी देते. माझी आजी सांगायची, तिच्या सासूने एका संक्रांतीला 'आवा लुटला' होता. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. एका भट्टीतली सगळी मडकीबोळकी विकत घ्यायची आणि सुवासिनींना वाटून टाकायची. पन्नास वर्षांनंतरही आजी ते सांगताना पदर सावरून बसायची. गावात आवा लुटलेलं घर म्हणजे मान होता.

पाणिनीचा_शेजारी

अरे वा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे एकाच क्रियापदाचा कर्ता एकदा घेणारा आणि एकदा देणारा. मराठीत 'लुटणे'चा गाभा बळजबरी नसावा, हात आखडता न घेणं असावा. किती, कोणाचं, याचा हिशेब सुटला की ती लूट. मग वस्तू कोणत्या दिशेने गेली ते प्रसंगावर. आनंद लुटतो, मजा लुटतो, तिथे तर कोणाचं काही कमीच होत नाही.

सुगडवाली

आणि दसऱ्याची गोष्ट आठवा ना. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघूचा खजिना यज्ञात रिता झालेला. कुबेराने आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्स म्हणतो मी चौदा कोटीच घेणार, रघू म्हणतो उरलेलं मी ठेवणार नाही. दोघांनाही नको असलेलं सोनं लोकांनी लुटलं. ज्या लुटीला मालकच नाही!

खारीबटर

हेच शोधत होतो. आता कळलं मला काय खटकत होतं ते. शिपायाने आपला शब्द नेला, पण त्याने तो जिथे ऐकला तिथे त्याचं एकच रूप दिसत होतं. हळदीकुंकवाला त्याला कोण बोलावणार? घेण्याचा अर्थ गेला, देण्याचा इथेच राहिला. नानांच्या प्राइझमध्येही प्रत्येक मोहोरेची यादी होती, वाटा होता, अपील होतं. सुगडवालीच्या आजीच्या सासूच्या आव्यात यादी नव्हती.

भाच्याला हे सगळं सांगायला घेतलं. कुत्र्यापर्यंत ऐकलं, पुढे चार्जर शोधायला गेला.

टोरांटोकर

उशिरा आलो, पण खारीबटर, एक दुरुस्ती. अर्थ तिथेच राहिला म्हणता ते पूर्ण खरं नाही.

इथे कॅनडात मुलांचा वाढदिवस झाला की निघताना प्रत्येक मुलाच्या हातात एक पिशवी देतात. चॉकलेटं, पेन्सिल, फुगा, शिट्टी असलं काहीबाही. आपण रिटर्न गिफ्ट म्हणतो. तिला इथे 'लूट बॅग' म्हणतात. दुकानात तशा रिकाम्या पिशव्यांची पाकिटंच मिळतात. पहिल्यांदा मुलीच्या शाळेतल्या एका आईने विचारलं, "लूट बॅग्ज झाल्या का तुमच्या?" मी दोन मिनिटं तिच्याकडे बघतच राहिलो.

सुगडवाली

म्हणजे वाण!

टोरांटोकर

वाणच. तिथून पुढे आमच्या घरी तोच शब्द चालतो. या जानेवारीत बायकोने हळदीकुंकू केलं, बाहेर उणे अठरा. शेजारची कॅनेडियन बाईही आली होती. निघताना तिच्या हातात तिळगूळ आणि वाटी ठेवली तर म्हणाली, "ओह, लूट बॅग!" बायको म्हणाली, हो, तेच ते.

मुक्काम_वऱ्हाड

पिशवीत बोरं घाला पुढच्या वेळी.

टोरांटोकर

बोरं मिळत नाहीत हो इथे. क्रॅनबेरी चालतील का?